खर्च इस्टेटीतून

मोरकॅम्ब, २ एप्रिल १९५७

प्रिय जॉस,

ऐन मेंढ्या व्यायच्या दिवसांत पत्र लिहितेय, तेव्हा आधी मनातल्या मनात दोन शिव्या हासडून घे आणि मग पुढे वाच. नाहीतर रूथलाच वाचून दाखवायला सांग, बायको असते कशाला. तुझे हात या दिवसांत कशानं बरबटलेले असतात ते मला ठाऊक आहे.

बाबांना जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. मी काही मागत नाहीये, फक्त कानावर घालतेय. दर मंगळवारी माझ्याकडे जेवायला क्रॉस्टन म्हणून एक वकील येतात. ते म्हणाले, मृत्युपत्र ज्याच्या हाती सोपवलेलं असतं त्याला कायदा एक वर्ष देतो. त्या वर्षात त्याला कुणी काही विचारायचं नाही. वर्ष उलटलं की जे द्यायचं राहिलं असेल त्यावर शेकडा चारनं व्याज चढायला लागतं, कुणी मागो वा न मागो. मी म्हटलं, "साहेब, भाऊ आहे तो माझा, बँक नव्हे." ते म्हणाले, "व्याजाला नातं कळत नाही हो, बाई," आणि आणखी बटाटे वाढून घेतले.

बाबांनी शेहेचाळीस साली केलेला कागद तुझ्याचपाशी आहे. मेंढ्या, गुरं, अवजारं, बँकेतली शिल्लक आणि हाऊबेक कसायचा हक्क तुला. त्यातून मला रोख पंधराशे पौंड. कागद वाचला त्या दिवशी तू म्हणालास, "बघतो मी, मेबेल." तर आता बघ. वरच्या मजल्यावर भाड्यानं देते त्या तीन खोल्यांत छत गळतंय. पाहुण्यांना मी सांगते की समुद्राजवळ भिंतींना ओल असायचीच, पण गेल्या उन्हाळ्यात एका बाईंच्या उशीवरच पाणी टपकलं. पुढचा हंगाम तोंडावर आलाय आणि कौलं घालणारा मिस्त्री उधारीवर शिडी लावत नाही.

बाबांनी मला आधी काही दिलेलं नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नकोच.

रूथला माझा नमस्कार सांग. यंदा जुळी किती झाली ते कळव.

तुझी,
मेबेल

मोरकॅम्ब, ११ ऑक्टोबर १९५७

जॉस,

सहा महिन्यांनी उत्तर आलं, आणि आलं ते असलं!

तू नऊशे पौंड लगेच द्यायला तयार आहेस, कारण बँकेत तेवढेच आहेत. उरलेले सहाशे मला एकोणपन्नास सालीच मिळालेत म्हणे. कुणी सांगितलं तुला? बाबांनी? कधी? आजारपणात त्यांना कुत्र्याचं नावसुद्धा आठवत नव्हतं, तेव्हा? ते पैसे म्हणजे... मुळात पैसे नव्हतेच. एकोणपन्नास सालच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे दोन दिवस राहून गेले, एवढंच. बाप लेकीकडे जाऊन आला की लगेच त्याच्या खिशातून सहाशे पौंड गेले, असं गणित कुठल्या शाळेत शिकलास?

हॅरल्ड जाऊन, मला विधवा होऊन सात वर्षं झाली. त्याच्याबद्दल रूथनं जे काही ऐकलं असेल, ते तिनं पोटात ठेवावं. कोळशाच्या वखारीतली नोकरी त्यानं आपण होऊन सोडली होती. छाती बिघडली होती त्याची.

आणि मला हीफ शिकवू नकोस. कोकरू आईच्या मागं हिंडून आपला डोंगराचा तुकडा शिकतं, पुढे आपल्या पोरांना शिकवतं, म्हणून ग्रे हाऊवर कुंपण घालावं लागत नाही, हे मी तुझ्याआधी चार वर्षं शिकलेय. "कळप विकला तर डोंगर विसरला जाईल," असं तू लिहितोस. कळप विक असं म्हटलंय कुणी? मी माझे पंधराशे मागतेय. ते कुठून काढायचे ते तू बघ.

क्रॉस्टनसाहेबांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सहाशे मिळाल्याचं काही लेखी आहे का त्यांच्याकडे?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

मेबेल

मोरकॅम्ब, २० फेब्रुवारी १९५८

जॉस,

हे पत्र मी लिहिलेलं नाही. तुला थेट काही लिहायचं नाही, असं क्रॉस्टनसाहेबांनी बजावलंय. त्यांच्या मते आता आपण भाऊबहीण नसून दोन पक्ष आहोत. तेव्हा वाचून झालं की चुलीत घाल.

केंडलच्या तुझ्या वकिलाचं पत्र आलं. तीन पानं, आणि त्यात तू मला 'सदर बाई' म्हटलं आहेस. मी खूप हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन बसले.

जॉस, कशाला ताणतोस? तू लिहून दे की पंधराशे देणं आहे. सवडीनं दे, दर शरदात विक्री झाली की थोडे थोडे. व्याजाचं मी बघून घेईन. पण ते सहाशे मिळाल्याचं माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. ते माझ्यानं होणार नाही. का ते विचारू नकोस.

खर्चाची काळजी करू नकोस. मी विचारलंय. अशा दाव्यात दोन्ही वकिलांचा खर्च इस्टेटीतून देतात. म्हणजे तुझ्याही खिशातून नाही आणि माझ्याही नाही. तेवढं तरी बरं आहे.

आज हवा स्वच्छ होती. समोर खाडीपलीकडे सगळे डोंगर दिसत होते, बर्फासकट. डावीकडून मोजत गेलं की ग्रे हाऊ कुठला ते मला ओळखता येतं. पाहुण्यांना मी ते सांगत नाही.

मे.

मोरकॅम्ब, २९ नोव्हेंबर १९५८

जॉस,

मी जिंकले म्हणे. प्रेस्टनहून परतताना गाडीत क्रॉस्टनसाहेबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पंधराशे, त्यावर एक वर्ष आठ महिन्यांचं व्याज शंभर, आणि खर्च इस्टेटीतून.

तू कोर्टाच्या आवारात त्या बाकावर बसला होतास. बाबांच्या दफनाला घातलेला तोच कोट. पायात डोंगरातलेच बूट, फक्त पुसलेले. माझ्याशी बोलायचं नाही असं तुझ्याही वकिलानं सांगितलं असणार. तरी तू म्हणालासच, "मेबेल, कोट पातळ आहे गं तुझा." मी तोंड फिरवलं. तेव्हा मी काही बोलले असते तर आत जाऊन उभी राहू शकले नसते.

आत त्यांनी माझ्या हातात बायबल दिलं. तुझ्या वकिलानं विचारलं, "एकोणपन्नासच्या जुलैत वडिलांनी तुम्हाला काही रक्कम दिली का?" मी म्हटलं, "नाही." त्यानं विचारलं, "थोडीफारसुद्धा?" मी म्हटलं, "एक पेनीसुद्धा नाही." तू खाली बघत होतास. तुझ्या वकिलानं वळून तुझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडून काहीतरी येईल म्हणून थांबला. तू नाही म्हणून मान हलवलीस. मग तो खाली बसला.

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. दमले होते, दुसरं काही नाही.

आता हे सगळं मागं टाकू या. तू पूर्वीसारखी नाताळाला घरच्या चिजाची वडी पाठव. मी केक पाठवीन.

मेबेल

मोरकॅम्ब, ४ ऑक्टोबर १९५९

जॉस,

तुला दिसले नसेन. मी लिलावाला आले होते. नवीन टोपी घालून अगदी मागं उभी होते, बायकांच्या घोळक्यात.

क्रॉस्टनसाहेबांचं बिल आणि तुझ्या वकिलाचं बिल मिळून अकराशे पौंड झाले, हे मला जुलैत कळलं. मी त्यांना म्हटलं, "अहो, हे तर इस्टेटीतून जायचं होतं ना?" ते म्हणाले, "त्यातूनच जातंय." मी विचारलं, "मग इस्टेट म्हणजे काय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्याला मीठ म्हणून साखर दिली असावी. म्हणाले, "बाई, बँकेत नऊशे होते. बाकी इस्टेट गवत खातेय."

मी इतकी मूर्ख आहे, जॉस. मला खरंच वाटायचं की इस्टेट म्हणजे कोर्टाच्या कपाटात कुठेतरी ठेवलेलं काहीतरी असतं, आपल्या दोघांच्या पलीकडचं. बाबाही तसंच म्हणायचे, "इस्टेटीचं इस्टेट बघेल." आपल्यापैकी कुणी त्याआधी कोर्टाची पायरी चढलं होतं?

चारशे दहा मेंढ्या. खांद्यावर तांबडा पट्टा, डाव्या कानाला दुहेरी चिरा. लिलाववाला ओरडला, "ग्रे हाऊची हीफ मोडतेय हो! शंभर वर्षांचा कळप!" जणू त्यानं भाव चढणार होता. डोंगराबाहेरच्या माणसाला हीफ काय कामाची? चेशरच्या त्या माणसानं दात बघितले, पाठी चाचपल्या आणि सगळ्या एकगठ्ठा घेतल्या. ट्रकात चढताना त्या म्हाताऱ्या काळतोंडीनं तुझ्याकडे वळून पाहिलं आणि तू तिच्या ढुंगणावर हलकी थाप मारून वर ढकललंस. एवढंच केलंस. तू रडला असतास तर मला बरं वाटलं असतं, असं लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

कळप नसलेल्या कुळाला मालक हाऊबेक ठेवू देणार नाही, हे मला तिथंच एकानं सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं मी कोण ते.

मेबेल

मोरकॅम्ब, १४ ऑगस्ट १९६०

जॉस,

हे पत्र रूथच्या भावाच्या पत्त्यावर पाठवतेय. तू आयझॅक टायसनकडे मजुरीवर आहेस आणि तुम्ही दोघं त्याच्याच आवारातल्या खोलीत राहता असं कळलं. आयझॅक चांगला माणूस आहे. लहानपणी त्यानं आपल्याला मारलं होतं, पण ते आपण त्याच्या मेंढ्यांना टोप्या घातल्या होत्या म्हणून.

सोबत पन्नास पौंडांचा धनादेश आहे. हे व्याजातले नाहीत, माझ्या हंगामातले आहेत. छत नवीन झालं. खोल्या आता गळत नाहीत. यंदा एकही खोली रिकामी राहिली नाही.

मी हे सगळं का लिहितेय कोण जाणे. घे ते पैसे. नको म्हणू नकोस.

मेबेल

मोरकॅम्ब, २१ नोव्हेंबर १९६०

जॉस,

शनिवारी तू आवाराचं फाटक सोडून निघून गेलास. त्यानंतर आत काय झालं ते तुला कुणी धड सांगणार नाही. म्हणून मी लिहितेय. पण आधी मी तिथं का आले ते सांगते.

सप्टेंबरात रूथचं पाकीट आलं. त्यात माझा धनादेश होता, न वटवलेला, आणि एक जुनं पत्र. अक्षर माझंच. २६ जुलै १९४९, बाबांना लिहिलेलं. मी ते लिहिल्याचं विसरले होते असं म्हणणार होते, पण आता कुठवर खोटं बोलू? विसरले नव्हते. बाबांनी जाळलं असेल, असं धरून चालले होते.

सोबत रूथची चिठ्ठी होती. तिचं नेहमीचं तुटक बोलणं: "कोर्टाच्या आदल्या आठवड्यात हे बाबांच्या पेटीत सापडलं. मी म्हटलं, वकिलाला दे. हा म्हणाला, तिनं शपथपत्रावर आधीच नाही म्हणून सही केलीय, आता हे दाखवलं तर तिला तुरुंगात घालतील. मी म्हटलं, आणि मेंढ्या? तर म्हणाला, मेंढ्या विकता येतात. पन्नास पौंड परत पाठवतेय. मी हे पाठवलंय ते त्याला माहीत नाही."

जॉस, तू कोर्टात मान हलवलीस ती मी पाहिली होती. मला वाटलं, तुझ्याकडे काही नाही म्हणून हलवलीस.

ते पत्र घेऊन मी क्रॉस्टनसाहेबांकडे गेले. टेबलावर ठेवलं. त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि बोटाच्या टोकानं माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "बाई, मी हे पाहिलेलं नाही. तुमच्या शेगडीत जाळ आहे ना?" मी विचारलं, "आता खरं सांगितलं तर मेंढ्या परत मिळतील?" ते म्हणाले, "कुठल्या मेंढ्या? अर्ध्या एव्हाना ताटात गेल्या असतील." त्यानंतर ते मंगळवारी जेवायला आलेले नाहीत.

दोन महिने पत्र उशीखाली ठेवलं. मग मेंढपाळांच्या मेळ्याची तारीख आठवली, चुकार मेंढ्या ज्याच्या त्याला परत करायच्या दिवसाची. आपल्याकडे माणूस काहीही करतो. उधारी बुडवतो, दारू पिऊन चर्चमध्ये घोरतो, बायकोला टाकतो, तरी शेजारी त्याच्याशी बोलतात. पण दुसऱ्याची चुकार मेंढी आपल्या कळपात आली आणि खूण ओळखूनही ती ठेवून घेतली, तर त्याच्या मेजाशी कुणी बसत नाही. हे बाबांनी आपल्याला चालायला शिकवण्याच्या आधी शिकवलं. म्हणून मी बसनं आले.

खानावळीमागच्या आवारात चुकार मेंढ्यांची वाटणी चालली होती. आयझॅक वही घेऊन खुणा पुकारत होता. तू त्याचं कुत्रं धरून फाटकाशी होतास. मला पाहून तू टोपीला हात लावलास, परक्या बाईला लावतात तसा. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्याकडे एक चुकार आहे. खूण ओळखूनही ठेवून घेतलीय. अकरा वर्षं."

कुणीतरी हसलं, "काय गं मेबेल, मोरकॅम्बच्या वाळूत मेंढ्या चरतात होय?"

आयझॅक हसला नाही. म्हणाला, "कुणाची खूण, पोरी?"

मी म्हटलं, "जॉसची." आणि पिशवीतून पत्र काढलं. तिथंच तू फाटक उघडून बाहेर पडलास. त्यामुळे मी काय वाचलं ते तुला ऐकू आलं नसेल. पण तुला ते पाठच असेल. "बाबा, सहाशे पोचले. वखारीच्या मालकांनी पैसे मोजून घेतले आणि पोलिसांत जाणार नाही असं लिहून दिलं. हॅरल्ड रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. हे माझ्या वाट्यातलेच समजा, पुढे मी मागणार नाही. जॉसला सांगू नका. मी त्याच्या मेंढ्या खाल्ल्या असं त्याला वाटेल."

सगळं वाचलं. शेवटची ओळसुद्धा. हॅरल्डनं पैसे उचलले होते हे त्या आवारातल्या साठ माणसांना आता ठाऊक आहे, आणि मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलले हेही. आजवर मी स्वतःला सांगत आले की मी हॅरल्डचं नाव झाकायला खोटं बोलले. ते खरं आहे. पण मला ते सहाशे हवेही होते, जॉस. छत गळत होतं, आणि तू मात्र डोंगरात सुखात आहेस असं मला वाटायचं.

एक मेंढी खोकली. मग आयझॅकनं वही मिटली आणि म्हणाला, "याची नोंद आमच्या वहीत करता येत नाही, बाई." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "दोन वर्षं आम्ही त्याला गाढव म्हणतोय. बापाच्या पैशाचा साधा कागद ठेवता आला नाही म्हणून." आवारातल्या कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना पुढची मेंढी पुकारायची होती. रूथ मात्र दारातून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय, ते मला कळलं नाही.

मग मी तुझ्यामागं भिंतीपाशी आले. मला वाटलं होतं, तू ओरडशील. नाहीतर गळ्यात पडशील. दोन्हींची तयारी करून आले होते. बसमध्ये काय म्हणायचं तेही ठरवलं होतं: हंगामाचे पैसे साठवून निदान वीस मेंढ्या घेऊन देईन, आयझॅक त्याच्या बाजूची जागा देईल. त्यातलं काहीच बोलता आलं नाही, कारण तू आधी विचारलंस.

"हॅरल्डचंही सांगितलंस?"

"हो."

"आणि शपथेचं?"

"सगळं."

तू ग्रे हाऊकडे बघितलंस. तिथं आता शेजाऱ्यांच्या मेंढ्या खाली उतरून चरायला लागल्यात. ते मीही पाहिलं. मग तू माझ्याकडे वळलास. आवाज चढवला नाहीस. कोर्टात माझ्या कोटाबद्दल बोलला होतास, तसाच आवाज.

"मग मी मेंढ्या विकल्या कशासाठी, मेबेल?"

तू थांबलास, खरंच काही येईल म्हणून. मग कुत्र्याला शीळ घातलीस आणि आयझॅकच्या मेंढ्या हाकत वर निघून गेलास.

मेबेल